आतून लावायची कडी

उंबरवाडीच्या गहिनीनाथ सुताराच्या घराला दार नव्हतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, सगळं गाव हसून दमलं होतं. पाटलांच्या घराला पितळी फुलांचं दार गहिनीनाथानं केलेलं, देवळाला त्याचंच, चावडीला त्याचंच, अगदी कोंडवाड्याच्या फाटकालासुद्धा त्याचाच रंधा लागलेला. आणि स्वतःच्या घराला लिंबाची नुसती चौकट! तिच्यात तुराट्यांची ताटी उभी केलेली, वारा सुटला की ती आडवी. नेवाशाहून शेवगावकडे जाणारा नवखा माणूससुद्धा विचारायचा, "हे घर कुणाचं?" आणि "सुताराचं" म्हटलं की त्यालाही हसू आवरायचं नाही.

गहिनीनाथ आळशी होता असं कुणी म्हणेल तर त्याच्या तोंडात किडे पडतील. माणूस कामाला वाघ. पण त्याची एक खोड होती, त्याला 'नाही' म्हणता येत नसे. बलुत्याची रीत अशी की लाकूड कुणब्यानं आणायचं, हात सुताराचा. हा मात्र दारासाठी म्हणून स्वतः बाभळी आणायचा, ओढ्याच्या डोहात दगडाखाली बुडवून मुरवायचा, म्हणजे कीड लागत नाही. मग सावलीत वर्षभर वाळवायचा. आणि ऐन पेरणीत कुणीतरी रडत यायचं, "गहिनीतात्या, तिफन मोडली रं, वापसा चाललाय, वल उडाली तर पेरायचं कवा?" झालं! दाराचं लाकूड तिफणीत. पुढच्या साली दाराचं लाकूड गाडीच्या जुवात. त्याच्या पुढच्या साली मोटेच्या चाकात. गावाची शेतं पिकली आणि सुताराचं घर उघडं राहिलं.

बायको झुंबरबाई. तीही सुताराचीच लेक, नेवाशाची. लग्नात बापानं तिला भांड्यांबरोबर एक लोखंडी कडी-कोयंडा दिला होता, लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतलेला, जाड साखळीचा. "पोरी, दार तुझा नवरा करील. ही कडी माझ्याकडून. आतून लावायची आन् बिनघोर निजायचं." ती कडी लग्नापासून कोनाड्यात पडून होती. झुंबरबाई दर दिवाळीला तिला तेल लावायची आणि परत कोनाड्यात ठेवायची. बोलायची काही नाही. लेकीच्या बाळंतपणात मात्र एकदा बोलली होती. ओली बाळंतीण घरात आणि दाराला ताटी, मांजर-कुत्रं कधी आत शिरेल नेम नाही. तेव्हा शेजारची राहीआजी, बिनपोराची विधवा, गोधडी घेऊन आली आणि उंबऱ्यापाशी आडवी झाली. "दार न्हाई तर न्हाई, मी हाय न्हवं?" म्हणाली. बारशापर्यंत ती तिथंच निजली. ती लेक आता नांदायला गेली होती, तरी दार काही झालं नव्हतं.

मग त्या साली चैत्रात झुंबरबाईचा भाऊ कानिफनाथ बहिणीकडे आला. लढाईचे दिवस, साखर-गूळ मिळायची मारामार. तरी तिनं कुठून कुठून गूळ जमवून पुरण घातलं. पोळ्या चुलीपाशी परातीत झाकून ठेवल्या आणि भावाला पाय धुवायला पाणी द्यायला मागच्या अंगाला गेली. तेवढ्यात वाऱ्यानं ताटी पडली, गल्लीतलं कुत्रं आत शिरलं आणि परत येऊन बघते तर अर्ध्या पोळ्या गायब, उरलेल्या उष्ट्या. कानिफनाथ पोट धरून हसला. "आक्के, कुत्र्याला कशाला शिव्या देतीस? बिचाऱ्याला वाटलं, दार न्हाई म्हंजी धर्मशाळा हाय."

गहिनीनाथही हसला. चुकलंच त्याचं. झुंबरबाईनं भावाला भाकरी वाढली, भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं बांधून भावाच्या गाडीत बसली.

"आगं, कुटं चाललीस?"

"माह्यारी. दार बसलं की निरोप धाडा."

"आगं पन, एका पुरनपोळीसाटी—"

"पोळीसाटी न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गावातल्या समद्या बाया आतून कडी लावून निजत्यात. तुमीच त्यांची दारं केली. मी सुताराची लेक, सुताराची बायकू, आन् मी ताटीला दगुड लावून निजते. मला एकदा कडी लावायची हाय. आन् वलं लाकूड बसवून फसवू नगा. मी वाजवून बघनार."

गाडी गेली. गहिनीनाथ कामाला बसायला गेला तर ती कडी त्याच्या वाकसाच्या दांड्याला अडकवलेली! तासायचा वाकस हातात घ्यायचा म्हटलं की आधी कडी सोडवायची. बाईनं असा टोला हाणला होता की वळ उठू नये पण दुखत राहावं.

आता लाकूड. दाराला चांगलं, कोरडं, न वळणारं लाकूड हवं. एवढंच! पण सुताराचं मन बाभळीवर म्हणतात, आणि त्या साली शिवारात बाभूळच दिसेना. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारी कोळशावर चालायला लागल्या होत्या, मागं हे एवढं पिंप आणि त्यात धगधगती भट्टी. त्या भट्टीत कोळसा घालायला ठेकेदारांनी ओढ्याच्या ओढे भादरून टाकले होते. जिथं म्हणून गहिनीनाथाची नजर ठरलेली होती तिथं तिथं बुंधे उरले होते. ज्यांच्या तिफणी, गाड्या, मोटा त्यानं आपल्या लाकडानं उभ्या केल्या त्यांच्या दारात तो गेला. एकानं सांगितलं, "तात्या, कालच कोळसेवाल्याला दिली बग." दुसऱ्यानं सांगितलं, "सकाळी आला असतास तर!" तिसरा तर म्हणाला, "तुला कशाला लागतंय लाकूड? तूच आमाला देतोस की!" आणि मोठ्यानं हसला. गहिनीनाथाला वाटलं, याच्या तिफणीत गेलेलं आपल्या दाराचं लाकूड आत्ता उपसून घ्यावं.

मग तो नगरला गेला. कोळशाच्या मोटारीत बसून गेला, म्हणजे आपलीच बाभूळ जाळत गेला म्हणा ना. चढावर मोटार थकायची, सगळ्यांनी उतरून ढकलायची, पुन्हा बसायचं. नगरात पोचेपर्यंत धुरानं तोंड काळं आणि डोकं तापलेलं.

वखारीत पाय ठेवला आणि त्याचा जीव हरखला. सागवान! थप्प्याच्या थप्प्या! सरळ, वाळकं, बोटानं टिचकी मारली की टण्ण वाजणारं. गहिनीनाथानं एका फळीवरून नुसता हात फिरवला.

"हात काढ," वखारवाला शेट गादीवरून ओरडला. "खडूची खूण दिसत नाही? समदं लष्कराचं आहे."

"एवढं समदं?"

"एवढं समदं. कॅम्पातून गाड्या येतात, भरून नेतात. तुला काय पाहिजे?"

"दाराला पाहिजे. दोन झडपांचं दार."

"मग असं बोल की! तुझ्यासाठी मागं ठेवलंय." शेटनं नोकराला हाक मारली. मागच्या अंधाऱ्या खणातून फळ्या आल्या. पिवळ्याधमक, तेल प्यायलेल्या. "घे. अस्सल सागवान. भाव तुझ्या-माझ्यात."

गहिनीनाथानं फळी उचलली. जड. नाकाला लावली. तेलाचा वास, खाली आंबूस वास. टिचकी मारली तर आवाजच नाही, फळीनं नुसतं ऐकून घेतलं. त्यानं कमरेची पटाशी काढून कोपरा खरवडला. आत पांढरंफटक, ओलं.

"शेट, हा आंबा हाय. तोडून म्हैनाबी झाला नसंल. ह्याला सागवानाचं धोतर नेसवलंय तुमी."

"मग तुझ्या दाराला काय राजवाडा लागून गेलाय?" शेटचा पारा चढला. "लढाई आहे, लढाई! लोकांना चितेला लाकूड मिळत नाही अन् तू सागवान मागतोस. पाहिजे तर घे, नाहीतर परवाना आण. परवाना असला तर खडू पुसून देतो."

परवाना म्हणजे कचेरी. कचेरीत एक कारकून, त्याच्यापुढं रांग. गहिनीनाथाचा नंबर लागला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "लाकूड कशासाठी? पूल, विहीर, सरकारी इमारत?"

"घराच्या दाराला, सायेब."

"जुनं दार काय झालं?"

"जुनं न्हाईच."

"म्हणजे आजपर्यंत दाराशिवाय चाललं?"

"चाललं म्हनजे... व्हय."

"मग लढाई संपेपर्यंत चालेल की! पुढचा कोण?"

गहिनीनाथ बाहेर आला आणि कचेरीच्या पायरीवर बसला. त्याला इतका संताप आला होता की कुणावर काढावा तेच कळेना. कारकून म्हणाला ते खोटं नव्हतं, हेच त्याला जास्त झोंबलं. रिकाम्या हातानं तो गावी आला. घरात चूल थंड, कडी वाकसाला अडकवलेली. त्यानं ताटीला एक लाथ हाणली. ताटी पडली. मग ती परत उभी करायलाही त्यालाच वाकावं लागलं.

वैशाखात राहीआजीचा निरोप आला, खाटेचा पाय मोडलाय, बघून जा. गहिनीनाथ गेला. पाय ठोकता ठोकता त्याची नजर सहज वर माळ्यावर गेली आणि हातातला ठोकणा हातातच राहिला. माळ्यावर लाकडं रचलेली होती. रचलेली कसली, निजवलेली. धुरानं काळी झालेली, पण सुताराची नजर काळ्याला फसत नाही. जुनं सागवान. कुठल्यातरी पाडलेल्या घराच्या तुळया, चांगल्या जाडजूड, करवतीनं कापल्या तर दोन झडपांचं दार बरोबर निघेल.

"आजे," त्यानं विचारलं, "ते वर काय हाय?"

"माझं सरन हाय," राहीआजी म्हणाली.

गहिनीनाथानं मान खाली घातली आणि पुन्हा ठोकायला लागला. माणसानं स्वतःच्या चितेसाठी जपलेलं लाकूड, त्याच्यावर डोळा ठेवायचा? थू! आणि सरणाचं लाकूड घराला लावायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मसणाच्या वाटेला नेमलेलं लाकूड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

पण म्हातारीला डोळे होते. "आमच्या मालकाच्या वक्ताला झड लागली हुती," ती आपणहून सांगायला लागली. "वली लाकडं. पेटवावं आन् इझावं, पेटवावं आन् इझावं. अर्धवट... जाऊ दे. त्या दिशी मी ठरवलं, माझं असं हू द्यायचं न्हाई. सासऱ्याचं घर पाडलं तवा मी पैसं मागितलं न्हाईत, भांडी मागितली न्हाईत. ह्या तुळया मागितल्या." तिनं खाटेवर हात आपटून पाय घट्ट झाला का बघितलं. "झुंबर कवा येनार?"

"दार झाल्यावर."

"आन् दार कवा व्हनार?"

गहिनीनाथानं ठोकणा खाली ठेवला. म्हातारीनं एकदा वर माळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ने."

"आजे, काय बोलतीस!"

"ने म्हनते न्हवं! मी काय आज मरत न्हाई. लढाई सरल, लाकूड येईल. माझ्या बांधावर दोन बाभळी हायेत, कोळसेवाला पायावर डोकं ठिवून गेला तरी दिल्या न्हाईत. त्या तोड आन् माझ्यासाटी वाळव. बदल्यात बदली. पन दोन गोष्टी. एक, कुनाला सांगायचं न्हाई. सरनाचं लाकूड चौकटीला लावलं म्हनून कळलं तर झुंबर दारातनंच मागं फिरंल. दुसरी—" तिनं बोट वर केलं. "मी गेले की मला कोरडं लाकूड तू द्यायचं. वल्या बाभळीवर टाकू नगं मला. शपत घे."

"वाकसाची आन," गहिनीनाथ म्हणाला. सुतारानं वाकसाची शपथ घेतली की पुढं काही मागायचं नसतं.

आता इथं गहिनीनाथानं जी चूक केली ती दुसऱ्या कुणी केली नसती. गवंड्यानं नाही, कुंभारानं नाही, सुतारच करू जाणे. आजीच्या बांधावरच्या बाभळी त्यानं तोडल्या. मन कृतज्ञतेनं भरून आलेलं, वाटलं, म्हातारीला द्यायचं लाकूड हलकंसलकं नको, पहिल्या प्रतीचं हवं. मग पहिल्या प्रतीच्या लाकडाचं जे करतात तेच त्यानं केलं. ओंडके ओढ्यावर नेले आणि डोहात दगडाखाली बुडवले. मुरू देत चांगले, कीड लागायला नको! अरे बाबा, सरणाचं लाकूड कोण मुरवतं? चितेला कसली कीड? म्हातारीनं 'वाळव' म्हणून सांगितलं होतं. पण हाताला जी सवय ती सवय. आजी टणक आहे, अजून दोन-चार वर्षं कुठं जात नाही, असं म्हणून तो घरी आला आणि दाराला लागला.

दार मात्र असं झालं की देवळाच्या दारानं मान खाली घालावी. दोन झडपांचं, भरीव, गुळगुळीत. तुळयांमध्ये जुन्या खाचा होत्या, त्या त्यानं सागाच्याच गुट्ट्या बसवून अशा बुजवल्या की बोट फिरवलं तरी लागू नयेत. शेवटी वाकसाची कडी सोडवली, आतल्या बाजूनं ठोकली आणि नेवाशाला निरोप धाडला.

झुंबरबाई आली. गाडीतून उतरली, गाठोडं ओट्यावर ठेवलं, आणि घरात न जाता दारापाशी उभी राहिली. टिचकी मारली. टण्ण! दुसऱ्या झडपेला मारली. टण्ण! मग बोट फिरवलं, अगदी हळू. एका बुजवलेल्या खाचेपाशी बोट थांबलं. सुताराची लेक ती.

"कुटनं आनलं?"

"नगरच्या वखारीतनं."

"जुनं हाय."

"जुनंच चांगलं असतंय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पटाशी पुसत होता, जी आधीच स्वच्छ होती. तिनं गाठोडं उचललं. आत गेली, दोन्ही झडपा लावल्या, आणि आतून साखळी सरकल्याचा आवाज आला. खळ्ळ! गहिनीनाथ भर उन्हात स्वतःच्या घराबाहेर उभा.

"आगं, मी भाईर हाय."

"ऱ्हावा थोडं," आतून आवाज आला. "बसू द्या मला."

तेव्हापासून तिला नादच लागला. भाजी निवडताना कडी, न्हाताना कडी, दुपारी अंग टाकताना कडी. गहिनीनाथाला आपल्याच दारावर थापा मारून आत यावं लागायचं. गावानं त्याच्यावरही हसून घेतलं. "आदी दार न्हवतं म्हनून हसलो, आता दार हाय म्हनून!" राहीआजी रोज सकाळी यायची, दारावरून हात फिरवायची. "ग्वाड झालंय गं दार," म्हणायची. गहिनीनाथ मान खाली घालून रंधा ओढायला लागायचा. आजी मात्र त्याच्याकडे बघून एक डोळा बारीक करायची.

आणि भाद्रपदात झड लागली. आमच्या भागात पावसासाठी देवाला पाण्यात कोंडायची पाळी यायची, पण त्या साली काय झालं कोण जाणे, सूर्य दिसेना. भिंती ओल्या, अंगण ओलं, गंजीतल्या गोवऱ्या ओल्या. अशात एका सकाळी राहीआजी दार बघायला आली नाही. झुंबरबाई बघायला गेली तर म्हातारी खाटेवर शांत पडलेली, अंग गार.

मयताला लाकूड विकत घ्यायचं नसतं, घरटी एकेक ओंडका द्यायचा असतो. गावानं दिला. पण जो तो ओला. ज्यानं त्यानं घरातून मूठभर तुराट्या आणल्या, आडोशाच्या चार गोवऱ्या आणल्या. रॉकेल कंट्रोलचं, दिव्यापुरतंही कुणाकडे नाही. आजीचा पुतण्या सूर्यभान, अग्नी द्यायचा तो, हताश होऊन म्हणाला, "चुलतीनं माळ्यावर सागवान ठिवलं हुतं. आमी लहान हुतो तवापासनं बघतोय. आता बघतो तर माळा रिकामा! कुनी चोरलं का काय?"

गहिनीनाथ तिथून निघाला तो थेट ओढ्यावर. कमरेइतक्या गढूळ पाण्यात उतरला, दगड बाजूला केले, एक ओंडका ओढून काढला. काळा, बुळबुळीत, पाण्यानं ठिबकणारा. त्यानं त्याच्यावर मूठ आपटली. पाणी उडालं.

"मुरवतोय!" तो स्वतःलाच ओरडला. "लई मोटा सुतार! म्हातारीचं सरन मुरवतोय! आरं गाढवा!" आणि तिथंच पाण्यात उभा राहून तो रडला. आधी राग होता, मग राग उरला नाही.

घरी आला तो ठिबकतच. दाराला कडी. थाप मारली. झुंबरबाईनं उघडलं, डोळे लाल. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. माळा, तुळया, वाकसाची आन, डोह, सगळं. आत यायची हिंमत झाली नाही.

झुंबरबाईचा हात दारावर होता, तो तिनं चटका बसल्यासारखा काढून घेतला. "सरनाचं लाकूड? माझ्या घराला? माझ्या लेकीची पावलं ह्या दारातनं आत यायची, आन् तुमी—" ती एक पाऊल मागं सरली. "वखारीतनं आनलं म्हनालात! माझ्या तोंडावर! मला गुट्ट्या दिसल्या हुत्या, तरी मी गप ऱ्हायले. म्हटलं, जाऊ दे, आपल्यासाटीच कायतरी केलं असंल. तुमी असं केलंत व्हय?"

"चुकलं," गहिनीनाथ म्हणाला. "पन मी शपत घेतलीया."

"मग पाळा की! शपत तुमची, दार माझं!"

तिनं पाठ फिरवली. गहिनीनाथ आत आला, हत्यारं घेतली. एका झडपेच्या बिजागऱ्या काढल्या. दुसऱ्या झडपेला हात लावायचा त्याला धीर झाला नाही. कडीची साखळी तिलाच होती. त्यानं काढलेली झडप खांद्यावर घेतली, तिच्यावर गोणपाट टाकलं आणि मसणवाटेनं निघाला.

माणसं दार बघून चमकली. सूर्यभान झडपेकडे बघत राहिला आणि माळ्यावरचं सागवान कुठं गेलं ते त्याला कळलं. गहिनीनाथानं आपल्या हातानं ती झडप फोडली. ज्याची आन घेतली होती त्याच वाकसानं पहिला घाव घातला. चिरफळ्या खाली घातल्या, वर गोवऱ्या, वर गावाचे ओले ओंडके, वर आजी. पाऊस जरा थांबला होता. सूर्यभाननं अग्नी दिला. सागवान भडकलं, सगळ्यांनी श्वास सोडला. पण वरचे ओंडके सूं सूं करायला लागले, पाणी सोडायला लागले, आणि खालच्या चिरफळ्या संपत आल्या. धूर वाढला. जाळ बसायला लागला. पेटवावं आणि विझावं. कुणीतरी म्हणालं, "असंच सोडून जावं लागनार, दुसरं काय?" सूर्यभान पोरासारखा रडायला लागला.

गहिनीनाथ जाळाकडे बघत उभा होता. 'वल्या बाभळीवर टाकू नगं मला.' त्याला दुसरं काही ऐकूच येईना.

"अवं!"

त्यानं मान वळवली. बाया मसणवट्यात येत नाहीत, ओढ्याच्या अलीकडे पिंपरणीच्या झाडापर्यंत यायचं आणि थांबायचं. त्या पिंपरणीखाली झुंबरबाई उभी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दाराची दुसरी झडप, वरून लुगडं पांघरलेलं, भिजू नये म्हणून. अंगावर चिखल. एवढं वजन आणताना वाटेत कितीदा पडली कोण जाणे.

तो धावत गेला. तिच्या डोक्यावरून झडप उतरवून घेतली. कोरडी होती. तिच्याशी नजर मिळवायचा त्याला धीर होईना.

"बगता काय?" ती म्हणाली. "न्या लवकर. माझी लेक बाळंत झाली तवा तीच माझं दार हुती."

त्यानं झडप खांद्यावर घेतली. नेहमीच्या सवयीनं हात मागच्या बाजूला गेला, साखळी लागेल म्हणून. साखळी नव्हती. नुसती भोकं होती.

"कडी काढून ठिवलीया," झुंबरबाई म्हणाली. "कोनाड्यात हाय. पुढच्या दाराला व्हईल."